मेण वाचणारी

खाटेला लागण्याच्या आदल्या दिवशी ताता रागावले ते चण्यांवरून. ख्रेस्ते चण्यांत माशांचा खार घालायला विसरली होती.

"हे काय आहे?" तातांनी वाटी पुढे सरकवली. "भिंतीला लावायचं होतं का?"

"भिंत कुरकुर तरी करत नाही," ख्रेस्ते चुलीपाशी बसूनच म्हणाली.

"ऐकलंस, कानिया? आणि ही बाई माझ्या घरात राहते."

"मी तुमच्या घरात राहते की तुम्ही माझ्या हातचं खाता, ते आधी ठरवा."

ख्रेस्ते आमच्याकडे माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. आईने तिला गुलामांच्या बाजारातून आणलं आणि मरताना मोकळं केलं. ती मोकळी झाली आणि कुठेही गेली नाही. तेव्हापासून तिला कोणी काही बोलत नाही. तिच्या चुकांबद्दल ताता मला बोलतात. बोलायचे.

वाटीतले चणे मात्र त्यांनी संपवले. मग हात पुसून ते कामाच्या खोलीत गेले आणि मी पुस्तकाची गुंडाळी घेऊन त्यांच्या मागे गेले. आमची कामाची खोली उत्तरेकडे उघडते. आमच्या अक्विलेया गावात नदीकाठच्या गल्ल्यांमध्ये खडे कोरणारी वीसेक घरं आहेत आणि सगळ्यांच्या खिडक्या उत्तरेलाच आहेत, कारण तिकडचा उजेड दिवसभर जागचा हलत नाही. इतर घरांत देव कोरतात, घोडे, जहाजं, धान्याची कणसं कोरतात. आमच्या घरात विचारवंत कोरायचे. त्यांचे चेहरे बोटात घालून हिंडणारी माणसं प्रत्येक गावात असतात, आणि ती हौसेने लांबून येतात. सॉक्रेटिसचं चपटं नाक, बोटांवर काहीतरी मोजत बसलेला ख्रिसिप्पस, रांजणातून डोकं बाहेर काढणारा डायोजिनिस. सगळ्यांत जास्त एपिक्युरस. त्याची माणसं त्याला अंगठीत, पेल्यावर, भिंतीवर, सगळीकडे ठेवतात. ताता म्हणायचे, "एपिक्युरसवाल्यांना अंगठी जरा घट्ट झाली तरी ते दुसऱ्या दिवशी दारात उभे. स्टोइकाचं तसं नाही. त्याचं बोट काळंनिळं होतं तेव्हा आपल्याला कळतं."

ज्याचा चेहरा कोरायचा त्याचं बोलणं कानावर असलं पाहिजे, असं तातांना वाटायचं. त्यांना स्वतःला वाचता येत असे, पण हात आणि डोळे दगडात गुंतलेले. म्हणून मी वाचायचे. लहानपणी मी अर्थ न कळता वाचलं, नंतर कळून वाचलं आणि पुढे पुढे चिडून वाचलं. लग्न होऊन मी आठ वर्षं कोन्कॉर्दियाला होते. तिथे माझ्याजवळ एकही पुस्तक नव्हतं. नवरा तापाने गेला आणि मी परत आले तेव्हा तातांनी पहिल्या दिवशी विचारलं ते एवढंच, की डोळे शाबूत आहेत ना.

पण माझं खरं काम वाचण्याचं नव्हतं. म्हणजे पुस्तक वाचण्याचं नव्हतं. मी मेण वाचत असे.

दगडावर चेहरा उलटा कोरतात. डावं ते उजवं, उंच ते खोल. मऊ मेणावर तो खडा दाबला की चेहरा सुलटा उमटतो. पण कोरणारा महिना-महिना त्या उलट्या चेहऱ्याकडे बघत असतो. त्याच्या डोळ्याला तोच खरा वाटायला लागतो आणि मग मेणावरची चूकसुद्धा दिसत नाही. म्हणून ज्याने दगड कोरला त्याने आपलं मेण आपण वाचायचं नाही, हा आमच्या धंद्यात नेम आहे. दुसऱ्याने वाचायचं. केसांपासून सुरुवात करून मानेपर्यंत यायचं, मोठ्याने, एकेक अवयव घेऊन, आणि दिसेल ते बोलायचं. कोरणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही.

आधी आई वाचायची. ती गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. पहिल्यांदा वाचलं ते गिऱ्हाइकासमोर. मी म्हणाले, "कान. कान वाळक्या अंजिरासारखा आहे." गिऱ्हाईक हसत सुटलं. तातांनी मेण हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "अंजीरच आहे." पाच आठवड्यांचं काम होतं. त्यांनी तो कान खरवडून केसांखाली झाकला. पुढे दहा दिवस ते गल्लीत दिसेल त्याला सांगत होते, माझी मुलगी मेण वाचते. इतक्या अभिमानाने ते माझ्याबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत, माझ्या लग्नातही नाही.

दोन वर्षांपासून मी मेण खरं वाचत नव्हते.

ते असं सुरू झालं. त्यांची नजर गढूळ झाली होती. खडे कोरणारे डोळे शिणले की पाचूच्या जातीच्या हिरव्या दगडाकडे बघत बसतात. आमच्याकडे तसा मुठीएवढा एक आहे. ताता पूर्वी दिवसातून दोनदा त्याच्याकडे बघायचे, आता दर थोड्या वेळाने बघू लागले. मग एका सॉक्रेटिसच्या ओठाची कड तुटकी आली. मी मेणाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. ते हात मांडीवर ठेवून, शिकवणीला बसलेल्या मुलासारखे थांबले होते. मी म्हणाले, "ओठ. ओठ चांगले आहेत." काहीच झालं नाही. गिऱ्हाईकही अंगठी घेऊन गेलं. पुढच्या वेळी ते सोपं झालं.

मग गिऱ्हाइकं कमी झाली. एक जण आमचा खडा घेऊन गेला आणि पुढच्या महिन्यात त्याच्या बोटात दुसऱ्याच घरचा खडा दिसला. तातांनी विचारलं, "हल्ली कोणी येत नाही ते?" मी सांगितलं, "लोकांना आता घोडे आवडतात, ताता."

"घोडे," ते म्हणाले. "घोड्याने काय शिकवलंय यांना?"

"पळायला," ख्रेस्ते आतून म्हणाली.

त्या दिवशी हातात होता तो त्रोसियसचा खडा. त्रोसियस दारूचा व्यापारी, बायको गेलेला, तातांचा तीस वर्षांचा मित्र. तातांनीच त्याला तरुणपणी एक एपिक्युरस कोरून दिला होता, ती अंगठी गेल्या शरदात मासे धरण्याच्या नादात खाडीत पडली. तेव्हापासून तो पत्रांवर आपल्या बायकोची मोहोर उठवत होता आणि तिच्यावर होती कोंबडी. गावात त्याला लोक कोंबडीवाला म्हणू लागले. तो आमच्याकडे येऊन म्हणाला होता, "हेर्मियास, मला देव नको, जहाज नको. माझा म्हातारा मला परत दे. त्याच्याकडे बघितलं की मला झोप लागते."

दगड तांबडा अकीक होता, डाग नसलेला. चार महिने चाललं होतं. चेहरा एका बाजूने, लांबट, गालफडं बसलेली, दाढी खाली वळणं घेत गेलेली. मी आठवड्याला मेण घेत होते आणि ते खरोखरच चांगलं येत होतं. मला वाटू लागलं होतं की हा एक तरी निभावेल.

त्या दुपारी ते डोळा पुरा करत होते. कोरायच्या सामत्याला तेल आणि नक्सोस बेटावरची कुरुंदाची भुकटी लावून तो फिरवणारी धनुकली हळूहळू ओढत होते. मी वाचत होते. मरणाची भीती का धरू नये, ते त्या पुस्तकात फार शांतपणे समजावून दिलं आहे. माझं ते पाठ झालं आहे. मध्येच धनुकली थांबली, मग पुन्हा सुरू झाली. मी वर बघितलं नाही.

"मेण," ताता म्हणाले.

मी खडा तेलातून पुसला, मेणाची गोळी बोटांत मऊ केली, दाबली आणि खिडकीशी गेले.

खालच्या पापणीच्या कडेला सामत्याचं टोक एकदा जास्त थांबलं होतं. बाजरीच्या अर्ध्या दाण्याएवढं. मेणावर तेवढाच उंचवटा आला होता, आणि तेवढ्याने डोळा फाकला होता. बाकी सगळा चेहरा शांत आणि त्यात तो डोळा. कुणीतरी अचानक नावाने हाक मारल्यावर माणूस बघतो तसा तो बघत होता. दगडातून काढता येतं, दगडात परत घालता येत नाही. ती पापणी सारखी करायची तर गाल खोल करावा लागला असता, मग नाक, मग सगळंच, आणि त्या हातांनी ते होणार नव्हतं.

"केस," मी म्हणाले. "केस मोकळे, कपाळावर दोन बटा. कपाळ रुंद, आठी एक. भुवई बरोबर."

ताता मांडीवर हात ठेवून बसले होते.

"डोळा. डोळा शांत."

"शांत?"

"मध्ये बोलायचं नसतं, ताता."

"बरं बरं."

"नाक बारीक, वरून उतरतं. ओठ झाकलेले. दाढी चांगली. मान, खांद्यावर कापडाच्या दोन घड्या. झालं."

ते हसले नाहीत, पण त्यांचे खांदे खाली आले. "उद्या झिलई देतो," ते म्हणाले. "महिन्याच्या विसावीच्या आत त्रोसियसला देऊन टाकू. कोंबडीतून सोडवू बिचाऱ्याला." आणि मग दाराकडे तोंड करून, "ख्रेस्ते, खार आहे का घरात, की तोही आणायचा?"

एवढाच तो दिवस. संध्याकाळी त्यांनी मासा खाल्ला की नाही, मला आठवत नाही.

सकाळी ते तोंड धुताना पडले. भांडं दगडावर आपटल्याचा आवाज आला. मी आणि ख्रेस्तेने त्यांना उचलून खाटेवर आणलं तेव्हा उजवा हात नुसता लोंबत होता आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. वैद्य आला. त्याने मानेवर तुंबड्या लावल्या, डोळ्यांपुढे बोट फिरवलं, लघवी बघितली. मी विचारलं, बोलतील का. तो म्हणाला, "जे राहिलंय तेवढं बोलतील."

राहिला होता एक शब्द. दुपारी त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि पुष्कळ धडपड करून तो बाहेर काढला.

"मेण."

ख्रेस्ते लगेच उठली. "मेणबत्ती हवीय का त्यांना?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी डावा तळहात उताणा करून पुढे केला. मला कळलं होतं. डोळे गेले तरी त्यांचा अंगठा होता. ते स्वतः वाचणार नव्हते, नेम त्यांनी उभ्या जन्मात मोडला नव्हता. त्यांना ते हातात धरायचं होतं आणि मी वाचायचं होतं.

मी कामाच्या खोलीत गेले. त्रोसियसचा खडा मेजावर तसाच होता. मी मेण घेतलं, दाबलं. उजेडात तो डोळा कालच्यापेक्षाही फाकलेला वाटला. मी उभी राहिले. मग कोनाड्यातली डबी उघडली. तिच्यात तातांचा एक जुना एपिक्युरस होता, मी जन्मायच्या आधी कोरलेला. दगडात पांढरी शीर निघाली म्हणून तो कुणी घेतला नव्हता. काम मात्र असं होतं की शेजारच्या घरांतले कोरणारे तो बघायला यायचे. मी त्याचं मेण घेतलं.

ते त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि मी वाचलं. केस. कपाळ. भुवई. डोळा शांत. प्रत्येक शब्द मला खरा वाटत होता. फक्त दगड दुसरा होता.

त्यांनी बोटं मिटली. अंगात ताप होता. थोड्या वेळाने मूठ उघडली तेव्हा मेण मऊ होऊन चेहरा पुसला गेला होता, तळहातावर नुसता एक चपटा गोळा राहिला होता. मी तो काढून घेतला. संध्याकाळी ते पुन्हा म्हणाले, "मेण."

असं रोज. सकाळी एकदा, उतरत्या उन्हात एकदा. मी स्वतःला सांगितलं की जरा उतार पडला की सांगेन. मग सांगितलं की उतार पडणार नसेल तर सांगून काय करायचं. दोन्ही गोष्टी मी मनाशी एकाच दिवशी बोललेली आहे. आयुष्यभर ज्यांची पुस्तकं मोठ्याने वाचली ते सगळे विचारवंत त्या खोलीत होते, पेटीत, चुन्याच्या ठशांमध्ये ओळीने लावलेले, आणि कुणाचंही एक वाक्य माझ्या उपयोगी पडलं नाही.

चौथ्या दिवशी त्रोसियस आला. महिन्याची विसावी होती. त्या दिवशी एपिक्युरसची माणसं एकत्र जेवतात. तो जेवण सोडून आला होता, काखेत दारूचं भांडं आणि पानात गुंडाळलेला धुरावलेला मासा घेऊन.

"कुठे आहे आळशी?" दारातूनच ओरडला. मग तातांना बघितलं आणि भांडं खाली ठेवलं. थोडा वेळ खाटेपाशी बसला. त्यांचा चालता हात हातात घेतला, सोडला, परत घेतला. मग मला म्हणाला, "पोरी, माझा म्हातारा दाखव."

मी त्याला कामाच्या खोलीत नेलं. त्याच्यापुढे खोटं बोलायला काही नव्हतं, खडा त्याचाच होता. मी खऱ्या खड्याचं मेण त्याला दिलं. त्याने ते खिडकीशी धरलं, लांब नेलं, जवळ आणलं.

"हा घाबरलाय," तो म्हणाला.

"हो."

"कशाला घाबरलाय?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता, "माझ्यासारखा दिसतोय. रोज सकाळी आरशात हाच असतो."

"मी दुसऱ्या घरून करून देईन तुम्हाला. त्यांच्या नकळत."

"हा माझा आहे," त्याने मूठ मिटली. "हेर्मियासला माहीत आहे?"

"नाही. मी शांत म्हणून वाचलं."

त्रोसियसला आमचा नेम माहीत होता.

"आमचा म्हातारा काय शिकवतो, ठाऊक आहे ना? तुला काय सांगतोय मी, माझ्याहून जास्त वाचलंयस तू. मित्राशी मोकळं बोलावं. लपवाछपवी करू नये. तीस वर्षं विसावीला पेला उचलून हे म्हणतोय." त्याने नाक पुसलं. "चल. मी सांगतो त्याला. रागावणार नाही. हसेल. मला म्हणेल, बरं झालं, तुझ्यावरच गेलाय."

आम्ही आत गेलो. त्रोसियस खाटेच्या कडेला बसला. तातांचे डोळे त्याच्यावर होते. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि मनातल्या मनात त्याला ढकलत होते, बोल, बोल.

"हेर्मियास," तो म्हणाला. "ऐक. खाडीत यंदा बोय मासे काय आलेत म्हणून सांगू. जाळं टाकायची गरज नाही. टोपली बुडवायची आणि काढायची."

मग तो बोयांबद्दल बोलत राहिला. कुठल्या खांबाशी असतात, भरतीला की ओहोटीला, गेल्या वर्षी पुलापाशी त्याला किती मिळाले. पुष्कळ वेळ बोलला. जाताना दारात क्षणभर माझा दंड धरला आणि गेला. मासा तिथेच राहिला. ख्रेस्ते म्हणाली, "एवढा धुरावलेला? याने मासा आणलाय की चपलेचा तळ?"

दुसऱ्या दिवशी ख्रेस्ते त्यांची चादर बदलत होती. मी मेण घेऊन आले. ती माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "हे ते नव्हे."

तिला कसं कळलं, ठाऊक नाही. पन्नास वर्षं ती त्या खोलीचा केर काढते आहे.

"हळू बोल," मी म्हणाले.

बाहेर अंगणात तिने मला धरलं. "सांगून टाक की त्यांना."

"काय सांगू? शेवटचं काम वाया गेलं म्हणून सांगू?"

"हो."

"मरतील ते."

"मरतायतच. मी चार जणांना धुऊन बाहेर काढलंय या घरातून, मला दिसतंय. तुला दिसत नाही का? तुझे तर डोळे चांगले आहेत." मग तिला वाईट वाटलं असावं. चादर पिळत म्हणाली, "जाऊ दे. मला काय कळतंय तुमच्या दगडांतलं."

सातव्या दिवशी सकाळी मी मेण त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि केसांपासून वाचायला लागले. त्यांनी मूठ मिटली नाही. अंगठा मेणावरून फिरला, दाढीवरून खाली उतरला, मानेवर आला, खांद्यावर आला. तिथे कापडाच्या घड्या होत्या. अंगठा एका घडीवरून गेला, दुसरीवरून गेला, आणि मग तिसरीवरून. त्रोसियसच्या खड्यावर दोनच होत्या. दगड लहान होता म्हणून त्यांनी दोनच घेतल्या होत्या, आणि हे मी रोज मोठ्याने वाचत आले होते, दोन घड्या.

अंगठा परत पहिल्या घडीवर गेला. एक, दोन, तीन.

मी वाचायची थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या गढूळ डोळ्यांना मी किती दिसत होते, कोण जाणे.

"मेण," ते म्हणाले.

"हेच मेण आहे, ताता."

"मेण."

"हेच आहे."

त्यांनी हात कलता केला. मेण चादरीवर पडलं. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं, जेवढं करता येत होतं तेवढं. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी काही मागितलं नाही. आठव्या दिवशीही नाही. मी कामाच्या खोलीतून दारापर्यंत यायचे आणि दारात उभी राहायचे, हाक आली तर लगेच जाता यावं म्हणून. हाक आली नाही.

नवव्या दिवशी सकाळी मी त्रोसियसच्या खड्याचं मेण घेतलं. पहिलं नीट उमटलं नाही म्हणून दोनदा घ्यावं लागलं. ते घेऊन मी खाटेपाशी बसले. ताता जागे नव्हते आणि झोपलेलेही नव्हते. श्वास घशात अडकून मग एकदम सुटत होता. मी त्यांचा डावा हात उताणा केला आणि मेण त्यावर ठेवलं. बोटं मिटली नाहीत. मी माझ्या हातांनी ती मिटली, तर ती उघडली. मी पुन्हा मिटली. मेण घरंगळून खाली गेलं आणि ते मी अंथरुणात शोधत होते, तेवढ्यात ख्रेस्तेने मला खांद्याला धरून वर ओढलं.

"श्वास घे त्यांचा," ती म्हणाली. "लवकर. शेवटचा आहे."

मी वाकले आणि तोंडाजवळ तोंड नेलं. आमच्याकडे जवळच्या माणसाने तो घ्यायचा असतो. त्याला चण्यांचा किंवा माशाचा कसलाच वास नव्हता. मग मी त्यांचे डोळे मिटले. ख्रेस्तेने त्यांच्या बोटातली अंगठी काढून वाटीत ठेवली.

"आता हाक मार. नावाने. मोठ्याने मार, तीनदा. कधीकधी माणूस परत येतो."

मी उभ्या जन्मात त्यांना नावाने हाक मारली नव्हती. आई मारायची, गिऱ्हाइकं मारायची, त्रोसियस मारायचा.

"हेर्मियास," मी म्हणाले.

"मोठ्याने, बाई. गल्लीत ऐकू जाऊ दे."

"हेर्मियास!"

समोरच्या घरातली धनुकली थांबली. कुणीतरी खिडकीशी आलं असावं. मी तिसऱ्यांदा हाक मारली आणि आम्ही दोघी थांबलो. ख्रेस्ते त्यांच्या ओठांकडे बघत होती. मग तिने मान हलवली, आणि पाणी गरम करायला आत जायला वळली.

मी गुडघ्यांवर बसले. मेण खाटेच्या पायाशी पडलं होतं, तसंच, न पुसलेलं. मी ते उचललं नाही. मला त्याची गरज नव्हती.

"ताता," मी म्हणाले, हाक मारली होती तेवढ्याच मोठ्याने. "केस चांगले आहेत. कपाळ चांगलं आहे. भुवई बरोबर. डोळा चुकलाय. खालच्या पापणीला टोक खोल गेलंय, तो घाबरल्यासारखा दिसतो. मी त्याच दिवशी बघितलं होतं. आणि त्याच्या आधीच्या सॉक्रेटिसचा ओठही तुटका होता, आणि गिऱ्हाइकं यायची थांबली ती लोकांना घोडे आवडतात म्हणून नव्हे. दोन वर्षं मी तुम्हाला खोटं वाचून दाखवलं, ताता. तुम्ही मागत होतात तेव्हाही मी दिलं नाही."